साधनाची खोट

माझी धाकटी जाऊ साधना नवरा गेल्यावर सुधारली, असं गावातल्या चारजणी म्हणतात. मला विचाराल तर नवरा गेलेल्या बाईनं सुधारू नये. रडावं, खंगावं, नशिबाला बोल लावावा आणि मोठी जाऊ सांगेल तसं वागावं. साधना यातलं काही करत नव्हती. ती गुणगुणत होती.

गुणगुणणं ते प्रार्थनेचं. केवळराम, म्हणजे माझा दीर, दोन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली आला. त्यानंतर लाखनीच्या एका नर्सबाईनं हिला रविवारी आपल्या प्रार्थनेला नेलं. टायरच्या दुकानामागं एक खोली आहे, तिथं वीस-पंचवीस माणसं चटईवर बसतात. सहा महिन्यांत ही तिकडचीच झाली. कुंकू तिनं नवरा गेला म्हणून सोडलं की येशूसाठी सोडलं, हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. पण बाई बदलली. पूर्वी साधना माझ्याशी कडाकडा भांडायची. पाण्यावरून, कोंबड्यांवरून, सासूच्या एका जुन्या लुगड्यावरून तर आम्ही आठ दिवस भांडलो होतो. तिचं भांडण मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? आता मी चार शब्द सुनावले की ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असंल बाई, माहं चुकलं असंल." तोंडातला घास कोणी काढून घ्यावा तसं व्हायचं मला.

एकदा मी न राहवून विचारलंच. "इतकी कायची खुश राह्यतं वं तू? घरात माणूस नाही, छप्पर गळून राहिलं, अन् तू गाणे म्हणतं!"

"आमच्या इथं सांगतेत बाई," ती म्हणाली, "ज्याचं मन साफ, जो दुसऱ्यावर दया करते, जो सोसते, तोच खरा सुखी. लोकं नावं ठेवतीन, छळतीन, तवा भी आनंद माना म्हणतेत."

मग मी तिला आनंदाची कमी पडू दिली नाही.

पोळ्याला तिच्या घरी कोणी जाऊ नये असं मी चार घरी सांगून आले. तिला तिकडून फुकट तांदूळ मिळतो, अशी आवई मीच उठवली. सार्वजनिक नळावर ती आली की मी माझ्या कळशा मुद्दाम विसळत बसायचे. ती शेवटची पाणी भरायची आणि जाताना मला विचारायची, "गुडघा कसा आहे बाई?" माझा गुडघा दुखतो हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही!

नवऱ्याचंही सांगून टाकते. श्यामराव धडधाकट आहेत, दोन वेळा जेवतात, आणि वर्षाकाठी माझ्याशी दहा वाक्यं धड बोलत नसतील. पोरगी रिता साकोलीला दिली आहे. ती फोन करते तो आधी काकूला, मग मला. मी सुखी नव्हते हे तेव्हा मी कोणाच्या बापाला कबूल केलं नसतं. पण जिचं सगळं गेलं ती हसते आणि जिचं सगळं शाबूत ती दिवसभर कपाळाला आठ्या घालून फिरते, हे मला पचत नव्हतं. याचा एकच अर्थ मला लागत होता. साधना सोंग करत होती. आणि सोंग असलं की त्यात कुठं ना कुठं खोट असतेच, ती शोधायची एवढंच बाकी होतं.

ती शोधायला मी रोवण्याचा, म्हणजे भाताच्या लावणीचा, मोका धरला.

आमच्या पाच घरांचा रोवणा एकत्र होतो. मजुरी कोणी कोणाला देत नाही, दिवसाला दिवस. आज पाचीजणी तुझ्या बांधीत, म्हणजे तुझ्या भातखाचरात, उद्या पाचीजणी माझ्या बांधीत. कोणाचं भात कधी लावायचं हे मी ठरवते, कारण माझ्यासारखा सरळ आणि झपाट्याचा हात गावात दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. या पाचांतून जी बाहेर पडली तिचं काही खरं नाही. रोवण्याच्या दिवसांत बाहेरून बाई मिळत नाही, आणि पऱ्हे जून झाले, म्हणजे वाफ्यातली रोपं वाढून बसली, की ती लावून न लावून सारखीच. साधनाच्या तीन बांध्या. वर्षभराचं जेवण तेवढंच.

जुलैच्या सुरुवातीला मी तिघींना माझ्या ओसरीवर बोलावलं. गिरजाबाई सगळ्यांत म्हातारी, ललिताबाई तोंडाळ, आणि चंद्रभागाबाई वारा येईल तशी पाठ फिरवणारी.

"उद्या साधनाच्या बांधीत जाचं आहे," मी म्हणाले. "तिथं रोप वरवर खोचा. खोल दाबू नका, मुळी वाकडी राहू द्या."

रोप लावायचं म्हणजे अंगठा आणि दोन बोटं मुळीबरोबर चिखलात जायला हवीत, मुळी सरळ खाली. वाकडी मुळी वरवर खोचली तर दिवसभर रोप उभं दिसतं. बांधीत पाणी सोडलं की ते उठतं आणि तरंगायला लागतं. आमच्याकडे पोरगी दहा वर्षांची झाली की तिला हे पहिलं शिकवतात.

"भातावर राग काढू नये, सत्यभामा," गिरजाबाई म्हणाली. "पाप लागते."

"मी भातावर नाही काढून राहिली. तिची परीक्षा घेऊन राहिली."

"कायची परीक्षा?" ललिताबाईनं पदर सावरत विचारलं.

"तिचं भात तरंगलं तं तिले समजंलच कोणी केलं ते. मंग चार दिवसानं ती माह्या मोठ्या बांधीत येईल ना? तवा पाहा कशी बदला काढते. वाकडं लावंल का नाही? लावलं की तिचं सोंग चव्हाट्यावर. मंग तिले आपल्यातून काढून टाकू. कोणी आपल्याले बोलणार नाही."

ललिताबाई हसली. चंद्रभागाबाईनं ललिताबाईकडं पाहून मान हलवली. गिरजाबाई उठून घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडं बारीक पाहत होते, तिनंही वरवरच खोचलं.

त्या दिवशी साधनानं आम्हाला पोहे दिले, दुपारी भाताबरोबर मासोळीची भाजी केली होती. मी दोनदा वाढून घेतली. ती स्वतः पलीकडच्या टोकाला लावत होती, आम्ही चौघी अलीकडं. माझ्या हाताला वाकडं लावायची सवय नव्हती. पहिली ओळ लावताना बोटं आपोआप खोल जात होती, त्यांना ओढून वर घ्यावं लागलं. दुसऱ्या ओळीपासून जमलं. संध्याकाळी बांधी धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, पाहिली तर हिरवीगार, सरळ, कोणाला शंका येऊ नये अशी.

तिनं तिच्या बोडीचं, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याचं, पाणी सोडलं आणि दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम तिकडं गेले. आमच्या दोघींच्या बांध्या शेजारी आहेत, मध्ये एक धुरा. वाटणीच्या वेळी तसंच झालं होतं. अर्धी बांधी तरंगत होती. साधना घोटाभर पाण्यात उभी होती आणि तरंगलेली रोपं गोळा करून हाताच्या वेटोळ्यात धरत होती.

"पाणी जास्त सुटलं वाटते," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर खोचून तयार होते. ये, बोल, दे शिवी, असं मनात म्हणत होते.

"पाणी जास्त नाही सुटलं बाई," ती म्हणाली, आणि वाकून रोपं वेचायला लागली.

एवढंच! दोन दिवस ती एकटी ते सगळं पुन्हा लावत होती. गिरजाबाई एकदा धुऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली, माझ्या भीतीनं. दुसऱ्या संध्याकाळी साधना माझ्या दारात आली. तिच्या बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडून फाटली होती.

"उद्या तुमचा रोवणा ना बाई? किती वाजता येऊ?"

मला वाईट वाटायला हवं होतं. मला संताप आला. वाटलं, हिला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावं आणि विचारावं, कुठं लपवतेस तो सगळा राग?

"सातले ये," मी म्हणाले आणि दार लोटलं.

माझी मोठी बांधी म्हणजे आमच्या घराचा जीव. त्या एका बांधीवर आमचं वर्ष निघतं, आणि पऱ्हेही मी मोजकेच टाकले होते. साधनाला मी धुऱ्याकडचा कोपरा दिला. मी स्वतः दुसऱ्या टोकाला राहिले, म्हणजे तिला वाटावं की आपल्यावर कोणाची नजर नाही. ती वाकली आणि मागं मागं सरकत लावायला लागली. गुणगुणणं चालूच. ललिताबाई माझ्या कानाशी पुटपुटली, "पाहा बाई, कशी मन लावून करून राहिली. मन लावून वाकडं!"

संध्याकाळी सगळ्या गेल्या. घरी आल्यावर श्यामरावांनी विचारलं, "पाणी कवा सोडू?" वर्षातलं ते त्यांचं चौथं-पाचवं वाक्य असेल. मी म्हणाले, उद्या दुपारपर्यंत थांबा, मी आधी पाहून येते.

उजाडल्याबरोबर मी बांधीवर गेले. साधनाच्या ओळी सुताला लावल्यासारख्या उभ्या होत्या. पण वरून सरळ दिसण्यानं काय होतं? आम्हीही सरळच दाखवलं होतं. मी वाकले आणि एक रोप उपटलं. ते सहज आलं नाही, चिखलानं धरलं होतं. मुळी सरळ. दुसरं उपटलं. सरळ. म्हटलं, सुरुवातीला नीट लावलं असेल, संशय येऊ नये म्हणून. ओळीच्या मधलं उपटलं, टोकाचं उपटलं. मग दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीत दहा रोपं पाहिली. तिसरीत सगळी पाहिली. चौथ्या ओळीपासून मी रोपं बाजूला ठेवायचंही सोडून दिलं, उपटायची, मुळी पाहायची आणि फेकायची. मला एक वाकडी मुळी हवी होती. एकच. एक सापडली असती तर मी घरी जाऊन पोटभर जेवले असते.

"बाई! काय करून राहिल्या तुम्ही?"

मी वर पाहिलं. धुऱ्यावर साधना उभी होती, खांद्यावर फावडं. मग मी मागं पाहिलं. अख्खा कोपरा मी उपटून टाकला होता. चौदा ओळी. रोपं चिखलात अस्ताव्यस्त पडली होती, काहींच्या मुळ्या माझ्या पायाखाली तुटल्या होत्या. घरी पऱ्ह्यांची एकही पेंडी शिल्लक नव्हती.

साधनानं फावडं टाकलं आणि ती धाडकन बांधीत उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. "भात होय ते बाई! भात!" ती ओरडली. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. "जितं रोप आहे ते! अक्कल गहाण टाकली का तुम्ही? माह्यावर राग आहे तं माह्या तोंडात मारा, माहं घर जाळा! त्या रोपानं तुमचं काय खाल्लं?"

दोन वर्षं मी हिचा राग पाहण्यासाठी जीव टाकला होता. स्वतःची बांधी तरंगली तेव्हा ती चढ्या आवाजात एक शब्द बोलली नव्हती. आणि आता पाहिला तो राग माझ्या भातासाठी होता. मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

"मुळ्या पाहून राहिली," मी म्हणाले.

"कायले?"

"तू वाकडं लावलं असंल म्हून."

चिखलातून तिनं चार-पाच रोपं उचलली, पाण्यात धुतली.

"मन झालं होतं," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत बाई. काल सकाळी तुमच्या बांधीत उतरली तं पहिलं तेच मनात आलं. दोन दिवस माह्या पाठीचा काटा ढिला झाला होता. तुमच्या ओळी मले दुरून ओळखू येतेत, माह्या बांधीत सगळ्यांत आधी त्याच वर आल्या. मले सगळं मालूम होतं."

"मंग काहून नाही लावलं वाकडं?"

"भात तुमचं होतं बाई," ती म्हणाली. "हात माहा होता."

ती वाकली आणि लावायला लागली. ऊन चढायच्या आत जेवढी रोपं वाचतील तेवढी वाचवायची, हे तिला सांगावं लागलं नाही. मी मात्र खुंटासारखी उभी होते.

तेवढ्यात धुऱ्यावर आवाज आले. त्या दिवशी चंद्रभागाबाईचा रोवणा होता आणि तिच्या बांधीची वाट आमच्याच धुऱ्यावरून जाते. तिघी येऊन थांबल्या. त्यांना दिसलं ते असं, की साधनाचाच कोपरा तेवढा मोडून पडला आहे, बाकीची बांधी उभी आहे, साधना हातात रोपं घेऊन वाकली आहे आणि मी चिखलात उभी आहे, तोंड उतरलेलं.

"मी म्हणलं होतं ना!" ललिताबाई किंचाळलीच. "तिच्याच ओळी वर आल्या! फक्त तिच्याच! काय वं साधने, हेच शिकवतेत का तुह्या प्रार्थनेत? तोंडानं आनंद अन् हातानं असं?"

"आमच्या बांधीत याचं नाही हं आता तू," चंद्रभागाबाई म्हणाली. "आजपासून आपला हिच्याशी संबंध नाही. सत्यभामाबाई, तुम्ही बरोबर बोलल्या होत्या."

ललिताबाई मग सुटलीच. सटवी म्हणाली, नवऱ्याला खाल्लेली म्हणाली, भाकरीसाठी देव विकणारी म्हणाली. मला काहीच करायचं नव्हतं. मी दोन वर्षं जे मागत होते ते माझ्या पुढ्यात येऊन पडलं होतं. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं, की साधना या पाचांतून बाहेर, पुढच्या वर्षी तिच्या बांध्या पडीक, आणि गावात तिचं नाव घ्यायला कोणी उरणार नाही. खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि तिच्या शब्दाला किंमत कोण देणार होतं?

मी साधनाकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं असतं, डोळ्यांनी विनवलं असतं, तर मी गप्प राहिले असते. मी स्वतःला ओळखते. पण तिनं पाहिलंच नाही. मी बोलणार नाही हे ती धरूनच चालली होती. आणि तरी माझंच भात लावत होती, अंगठा आणि दोन बोटं चिखलात खोल, एकामागून एक. माझ्याकडून तिला कसलीच अपेक्षा नव्हती. आयुष्यात मला पुष्कळांनी शिव्या दिल्या, पण इतकी माझी लाज कोणी काढली नव्हती.

"चूप बसा!" मी ओरडले. ललिताबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "मी उपटलं. माह्या बांधीतलं मी माह्या हातानं उपटलं. तुमच्या बापाचं काय गेलं?"

कोणाला काही समजेना. चंद्रभागाबाई ललिताबाईकडं पाहायला लागली, आणि ललिताबाई माझ्याकडं. गिरजाबाई तेवढी धुऱ्याच्या कडेला आली आणि वाकून चिखलातल्या रोपांकडं पाहायला लागली.

"काहून उपटलं?" तिनं विचारलं.

"मुळ्या पाहासाठी."

"मंग? सापडली का एखादी वाकडी?"

साधनाचा हात मध्येच थांबलेला मला दिसला.

"एकही नाही," मी म्हणाले. "अन् तिच्या बांधीत मी लावली, त्यात एकही सरळ नव्हती."